सुट्टीच्या दिवशी दवाखाना ‘चालू’ असतो म्हणजे नेमकं काय चालू असतं?

सुट्टीच्या दिवशी घरात कोणी आजारी पडलं की पहिला फोन जातो तो ‘दवाखाना चालू आहे का?’ हे विचारायला. समोरून ‘हो, चोवीस तास चालू आहे’ असं उत्तर येतं. माणसं घाईघाईने निघतात आणि तिथे गेल्यावर कळतं की ड्यूटी डॉक्टर आहेत, पण हाडांचे डॉक्टर परवा येणार. एक्स-रे निघेल, पण सोनोग्राफी करणारं आज कोणी नाही. फोनवर कोणी खोटं बोललेलं नसतं. विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

रुग्णालय सुट्टीला एकदम बंद होत नाही, ते भागाभागाने बंद होतं. आपत्कालीन विभाग, अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह आणि भरती रुग्णांचे वॉर्ड कधीच थांबत नाहीत. ओपीडी, आधी ठरवलेल्या शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, लसीकरण, ड्रेसिंगची खोली हे थांबतं. या दोन्हींच्या मधला मोठा भाग ‘ऑन कॉल’ चालतो, म्हणजे माणूस घरी असतो आणि बोलावलं की येतो. भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, एंडोस्कोपी करणारे डॉक्टर, अँजिओप्लास्टीची टीम हे बहुतेक ठिकाणी याच भागात येतात. लॅबचंही तसंच. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, हृदयविकारासाठीचं ट्रोपोनिन या तपासण्या मोठ्या रुग्णालयात सुट्टीलाही होतात. पण बायोप्सी, हार्मोनच्या तपासण्या आणि बाहेरच्या लॅबला पाठवायचे नमुने पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत पडून राहतात. त्यामुळे ‘चालू आहे का’ यापेक्षा आपल्याला लागणारा माणूस आणि लागणारं यंत्र आत्ता तिथे आहे का, हे विचारावं.

फोन लागला की पहिल्या वाक्यात वय आणि त्रास सांगावा, दुसऱ्या वाक्यात गरज. उदाहरणार्थ: ‘पेशंट बहात्तर वर्षांचे आहेत, पडलेत, उजव्या पायावर उभं राहता येत नाही. आत्ता एक्स-रे होईल का आणि हाडांचे डॉक्टर आज किती वाजता येतील?’ रिसेप्शनवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याच्याशी वाद घालू नये, ‘कॅज्युअल्टीच्या सिस्टरना जोडून द्या’ म्हणावं. आज कोण आहे, कोण फोनवर आहे, कोण गावाला गेलंय, हे त्यांना नक्की ठाऊक असतं. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव आणि वेळ लिहून ठेवावी, कारण आपण पोहोचेपर्यंत पाळी बदललेली असू शकते.

त्रासाप्रमाणे प्रश्न बदलतो. लहान मूल असेल तर ‘मुलांचे डॉक्टर हजर आहेत की फोनवर सल्ला देतात?’ बाळंतपणाची तारीख जवळ असेल तर ‘सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात?’ साप चावला असेल तर ‘सर्पविषावरचं औषध आत्ता शिल्लक आहे का?’ कुत्रा चावून खोल जखम झाली असेल तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं, हेही आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावं. लस पुष्कळ ठिकाणी असते, इम्युनोग्लोब्युलिन मोजक्याच. मात्र जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं हे फोन करायच्याही आधीचं काम आहे. त्याला सुट्टी-बिट्टी लागू नाही.

दोन दुखण्यांत फोनाफोनीत वेळ घालवू नये. छातीत दाब येऊन तो हात, जबडा किंवा पाठीकडे जातोय, सोबत घाम आहे, तर थेट रुग्णवाहिका बोलवावी. अँजिओप्लास्टीची टीम आज कुठे आहे, हे त्या सेवेला घरच्यांपेक्षा लवकर कळतं. फोनवरच्या माणसाने सांगितलं आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. गिळू नये, चावावी. लवकर लागू पडते. दुसरं दुखणं पक्षाघाताचं. तोंड वाकडं, एक हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी सीटी स्कॅन आत्ता होईल अशा ठिकाणीच न्यायचं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि हे तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला झोपले आणि सकाळी सहाला उठताना बोबडी वळली, तर घड्याळ रात्री दहाला सुरू झालंय. ही वेळ सांगणारा माणूस रुग्णासोबत गाडीत असायला हवा. इथे ॲस्पिरिन देऊ नये, कारण मेंदूत रक्ताची गाठ आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही.

सणासुदीत हृदयाची दुखणी वाढतात, ही नुसती समजूत नाही. १९७८ साली फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी सुट्टीतल्या अतिमद्यपानानंतर हृदयाचे ठोके अनियमित होणारे रुग्ण नोंदवले आणि त्या अवस्थेला ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव पडलं. स्वीडनमधल्या १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नाताळच्या आदल्या दिवशी झटक्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त आढळलं. खाणंपिणं, जागरण, धावपळ, मनावरचा ताण ही कारणं सांगितली जातात. माझ्या मते त्याइतकंच घातक असतं ते ‘आज सगळे जमलेत, उद्या बघू’ हे वाक्य. ते बोलणारा बहुतेक वेळा स्वतः रुग्णच असतो, म्हणून ते बाजूला सारायची जबाबदारी घरच्यांची.

आपत्कालीन विभागात पोहोचल्यावर ताटकळावं लागलं की माणसं चिडतात. तिथे आलेल्या क्रमाने नंबर लागत नाही, गंभीरतेच्या क्रमाने लागतो. गंभीरता ठरवायच्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६० मिनिटांत, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. नावं आणि रंग जागोजागी बदलतात, तत्त्व तेच. सुट्टीला फॅमिली डॉक्टर बंद असल्यामुळे एरवी तिथे जाणारे सर्दी-तापाचे रुग्णही इथेच येतात आणि हिरव्या रंगाची रांग लांबते. वाट पाहताना त्रास वाढला, घाम फुटला, गुंगी आली किंवा श्वास लागला, तर गप्प बसून राहू नये. सिस्टरकडे जाऊन ‘आल्यापासून हे नवीन झालंय’ असं म्हणावं. ‘कधीपासून बसलोय’ या वाक्याने रंग बदलत नाही, ‘नवीन झालंय’ने बदलू शकतो. पोटात खूप दुखतंय किंवा हाड मोडल्यासारखं वाटतंय, अशा माणसाला वाटेत काही खाऊ घालू नये. भूल द्यायची वेळ आली तर घन अन्नानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात, आणि सुट्टीला आधीच उशिरा येणारा भूलतज्ज्ञ त्या खाण्यामुळे आणखी थांबतो. मधुमेह असेल तर उपाशी ठेवलंय हे आल्याआल्या सांगावं आणि साखर तपासून घ्यावी.

औषधं संपतात ती आधीच्या आठवड्यात

सुट्टीतल्या कितीतरी खेपा आजारामुळे पडतच नाहीत, गोळ्या संपल्यामुळे पडतात. औषधाचं दुकान उघडं मिळतं, पण औषध मिळत नाही, कारण दुकानाला माल देणारा घाऊक विक्रेता बंद असतो. नेहमीची तापाची गोळी असते, अपस्माराची विशिष्ट ताकदीची नसते. झोपेच्या, वेदनांच्या काही गोळ्यांना डॉक्टरची ताजी चिठ्ठी लागते आणि डॉक्टर सुट्टीवर. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी माल येईल असंही धरू नये, गाडी दुसऱ्या दिवशी लागते. म्हणून हिशोब असा: सुट्टीचे दिवस अधिक सात. सुट्टीच्या दहा दिवस आधी घरातली सगळी पाकिटं टेबलावर काढायची आणि गोळ्या एकेक मोजायच्या. ‘अर्धं पाकीट आहे’ हा अंदाज नेहमी चुकतो, कारण दिवसाला दोन घ्यायच्या गोळीचं दहाचं अर्धं पाकीट अडीच दिवसच पुरतं.

सगळी औषधं सारखी नसतात, हे मोजताना लक्षात ठेवावं. थायरॉइडची गोळी दोन-तीन दिवस चुकली तर बिघडत नाही. त्या हार्मोनची शरीरातली पातळी निम्मी व्हायला साधारण आठवडा लागतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. पण अपस्माराची गोळी एक दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या किंवा रक्तदाबाची क्लोनिडिन एकदम थांबवली तर नाडी आणि दाब उसळून वर जातात. स्टेंट बसवल्यावर दिलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध बंद पडलं तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉइड घेणाऱ्याने ते अचानक थांबवलं तर दाब कोसळू शकतो. इन्शुलिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, पार्किन्सनची लेवोडोपा यांच्याबाबतही तडजोड नाही. यांपैकी काही संपत आलं असेल आणि कुठेच मिळत नसेल तर आपत्कालीन विभागात जाऊन मागावं. हे कारण तिथे पुरेसं आहे. लाजायचं कारण नाही.

चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं. सुट्टीला तीच कंपनी मिळेलच असं नाही. मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि त्यापुढची अक्षरं, तिन्ही लिहून ठेवावं. ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘सीआर’ ही अक्षरं म्हणजे औषध हळूहळू सुटणारं आहे. ती सोडून साधी गोळी आणली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. हळू सुटणारी गोळी चुरडायची नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडायचीही नाही.

इन्शुलिनबाबत एक चूक वारंवार होते. नेहमीची सिरिंज संपते, सुट्टीत दुसरी आणली जाते आणि तिच्यावरचा आकडा कोणी पाहत नाही. ४० युनिटची शीशी असेल तर ४० युनिटचीच सिरिंज, १०० ची असेल तर १०० ची. १०० युनिटचं इन्शुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो आणि माणूस साखर उतरून बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर डोस साठ टक्क्यांनी कमी पडतो, साखर चढत जाते. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. उघडलेलं बहुतेक प्रकारचं चार आठवडे साध्या तापमानाला चालतं, तरी पाकिटावरची मुदत पाहावी. एकदा गोठलेलं मात्र टाकूनच द्यायचं, वितळून पहिल्यासारखं दिसलं तरी. प्रवासात बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलेलं इन्शुलिन असंच वाया जातं. मध्ये कापडाची घडी ठेवावी.

दम्याचा पंप किती उरलाय हे हलवून कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू फवारा देत राहतो, म्हणून तो चालू वाटतो. पंपावर आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख त्यावर लिहावी. २०० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. घरी ऑक्सिजन असेल तर तोही हिशोब आधीच करायचा: सिलिंडरमध्ये १५०० लिटर आणि मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र, असला तरी वीज जाते, त्यामुळे सिलिंडर भरलेला हवाच. भरून देणाऱ्यांची सुट्टी कधी आहे, हे आठवडाभर आधी विचारून ठेवावं.

डायलिसिसची पाळी चुकवून ‘सुट्टीनंतर करू’ असं कधीही ठरवू नये. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्यांचा सर्वांत धोक्याचा काळ मुळात दोन दिवसांच्या मोकळ्या मुदतीचा असतो, तीत आणखी एक दिवस वाढला की पोटॅशियम आणि पाणी दोन्ही चढतात. केंद्र सुट्टीला बंद असेल तर पाळी पुढे ढकलण्याऐवजी आधी ओढून घ्यावी, आणि त्यासाठी दोन आठवडे आधी बोलावं, कारण तिथले सगळेच रुग्ण तेच मागतात. आडवं झाल्यावर श्वास लागणं, पायांतली शक्ती जाणं, ठोके चुकणं यांपैकी काही दिसलं तर केंद्र उघडायची वाट न पाहता आपत्कालीन विभागात जावं.

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. पांढऱ्या पेशी साधारणपणे केमोनंतर सात ते चौदा दिवसांत सर्वांत खाली जातात. अशा वेळी आधी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतोय का बघू’ म्हटलं की ताप झाकला जातो आणि जंतुसंसर्ग वाढतच राहतो. तापमान मोजा, लिहा, निघा. सोबत केमोची फाईल असावी, कारण ड्यूटीवरच्या डॉक्टरला कर्करोगाचं सगळं औषध माहीत असेलच असं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळालाही ३८ अंशांना हाच नियम.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी सुट्टीच्या तीन-चार दिवस आधी करून घ्यावी, म्हणजे डोस बदलायचा असेल तर विचारायला डॉक्टर हजर असतात. बाळांच्या नेहमीच्या लशींना चार दिवस उशीर झाला तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. रेबीजच्या लशीच्या ठरलेल्या तारखा मात्र पुढे ढकलू नयेत. नेहमीचं केंद्र बंद असेल तर कार्ड घेऊन दुसऱ्या केंद्रावर तोच डोस घ्यावा.

काही गोष्टींची मुदत तासांत असते, तरी माणसं त्यांसाठी ‘दुकान उघडल्यावर’ असं म्हणतात. तोंडावर पडून पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, दुधात ठेवायचा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचायचं. तातडीचं गर्भनिरोधक लेव्होनोरजेस्ट्रेल ७२ तासांत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची शंका असेल तर प्रतिबंधक औषधंही ७२ तासांतच सुरू व्हावी लागतात. ही औषधं मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात विचारावीत.

उलट, पुष्कळसं थांबू शकतं. जुनी गुडघेदुखी, तीन दिवसांची सर्दी, वार्षिक तपासणीचे रिपोर्ट दाखवणं, मोठ्या माणसाचा खाणंपिणं नीट असलेला ताप. पॅरासिटामॉल मोठ्यांना चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. मुलांना वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, ते या हिशोबात धरायचं. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक काढू नये.

जुलाबांसाठी ओआरएसचं पाकीट घरी असावं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की मीठ जास्त होतं आणि मुलाची अवस्था बिघडते. कालवलेलं चोवीस तासांनी फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, डोळे खोल गेले किंवा ते मलूल पडलं, तर घरचे उपाय थांबवून निघावं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाची काळजी अधिक घ्यावी लागते. त्या दिवशी बरेच जण एकदम घरी जातात आणि कागद घाईत लिहिले जातात. निघण्याआधी चार गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात: कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत, ड्रेसिंग किंवा टाके कधी आणि सुट्टी असेल तर कुठे, त्रास झाला तर सुट्टीत कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद. चौथी बाब सर्वांत जास्त राहून जाते आणि माणूस एकच औषध दोन नावांनी घेत बसतो. नवीन औषधं किमान आठवड्याची रुग्णालयातूनच घ्यावीत. लघवीची नळी घालून घरी सोडलं असेल तर ती तुंबली कशी ओळखायची ते विचारावं: पिशवीत काही तास लघवी नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर वाट पाहायची नाही.

सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस ओपीडीत सर्वांत गर्दीचा असतो. तातडी नसेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची वेळ घ्यावी. रक्ताच्या उपाशीपोटी करायच्या तपासण्याही सुट्टीच्या खाण्यापिण्यानंतर लगेच करू नयेत, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी चढलेली दिसते आणि उगाच औषध वाढतं. चार-पाच दिवस नेहमीचं खाऊन मग रक्त द्यावं.